कर्जत कोणत्या जिल्ह्यात आहे?

मुंबईहून संध्याकाळच्या लोकलने घरी निघालेल्या कुणालाही हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार असतं: रायगड. पण ज्या संगणकाला कुणी काहीच सांगितलेलं नाही, फक्त इंटरनेटवरची पानं वाचायला दिली आहेत, त्याच्या हाती या एका प्रश्नाची बरीच उत्तरं लागतात. ताज्या बातम्यांत आणि सरकारी पानांवर रायगड. १९८० पर्यंतच्या पुस्तकांत कुलाबा, कारण जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये ठाणे, कारण कर्जत तालुका कुलाब्याला जोडला गेला तो १८९१ मध्ये. आणि जिथे जामखेड, राशीन, मिरजगाव ही नावं आसपास दिसतात तिथे अहमदनगर. तेही २०२४ नंतरच्या मजकुरात अहिल्यानगर.

यांतलं एकही उत्तर चुकीचं नाही. लिहिणाऱ्यांनी आपापल्या जागी आणि आपापल्या काळी बरोबरच लिहिलं. ती वाक्यं एका ठिकाणी आणून ठेवली की मात्र एकमेकांना खोटं पाडू लागतात. संगणकाला वाचून माहिती मिळवायला शिकवण्याच्या सगळ्या खटाटोपाचा गाभा इथेच आहे. वाक्य वाचणं त्या मानाने सोपं. ते कोणत्या कर्जतबद्दल आहे, कधीचं आहे आणि कुणाच्या भरवशावर आहे, हे ओळखणं कठीण. गेली तीस-पस्तीस वर्षं जगभरचे संशोधक यावर झटत आहेत, आणि त्यातलं फार मोलाचं काम कर्जत लोकलच्याच वाटेवरच्या मुंबईत, पवईच्या आयआयटीत झालं आहे.

मु. पो. आणि ता.

संगणक माहितीचा एक तुकडा साधारण तीन भागांत साठवतो: कशाबद्दल, कोणतं नातं, काय. 'नेरळ – तालुका – कर्जत' हा एक तुकडा. 'उंबरखिंडीची लढाई – साल – १६६१' हा दुसरा. असे कोट्यवधी तुकडे जमले आणि एकमेकांना जोडले गेले की संगणक त्यांच्यावरून प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो. हे तुकडे माणसांनीच बसून भरायचे, असा आधीचा विचार होता. अमेरिकेत डग्लस लेनाट यांनी १९८४ मध्ये 'साइक' हा प्रकल्प त्यासाठीच सुरू केला. माणसाला जगाबद्दल जे साधंसुधं ठाऊक असतं ते एकेक करून संगणकात लिहून ठेवायचं. दशकं गेली, तरी जग संपेना. ज्ञानकोशकार केतकरांनी १९२० च्या दशकात २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली १९६० पासून मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं आणि त्याचा पहिला खंड यायला १९७६ उजाडलं. हाताने माहिती गोळा करायला किती माणसं आणि किती वर्षं लागतात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मग पुढचा विचार आला. माणसांनी आधीच इतकं लिहून ठेवलं आहे, तर यंत्रानेच ते वाचून तुकडे का वेचू नयेत?

१९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. लिहिणारा माणूस वाक्याच्या घडणीतच माहिती ठेवून जातो. इंग्रजीत आधी वर्गाचं नाव येतं, मग 'सच अ‍ॅज' आणि मग उदाहरणं. तेवढी घडण शोधली तर अर्थ न कळताही यंत्राला कळतं की ही उदाहरणं त्या वर्गातली आहेत. मराठीत क्रम उलटा. 'उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्या', 'इर्शाळगड, माणिकगड, सोंडाई आदी किल्ले'. आधी नावं, शेवटी वर्ग. म्हणजे मराठी वाचणाऱ्या यंत्राने 'या', 'आदी', 'इत्यादी', 'यांसारखे' हे शब्द दिसले की मागे वळून पाहायला हवं.

यातला 'आदी' फार कामाचा आणि तितकाच फसवा. आपल्या तालुका-पातळीच्या बातम्यांचा शेवट ठरलेला असतो: 'अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते.' अशा हजारो बातम्या वाचून यंत्र तालुक्यातल्या माणसांची यादी करू शकतं. पण 'सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, तलाठी आदी उपस्थित होते' असं वाचलं की तलाठी नावाचा एक माणूस कर्जतलाही आहे, खालापूरलाही आहे आणि एकाच दिवशी दोन्हीकडे कार्यक्रमाला हजर होता, असा निष्कर्ष निघतो. माणसाचं नाव वेगळं आणि हुद्दा वेगळा, हे यंत्राला मुद्दाम शिकवावं लागतं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये २५,००० मराठी वाक्यांवर माणसांकडून खुणा करून घेतल्या त्या यासाठीच. कोणता शब्द व्यक्ती, कोणता ठिकाण, कोणती संस्था, कोणता हुद्दा, कोणती तारीख. फार नीरस वाटणारं हे काम आहे. माझ्या मते मराठीसाठी गेल्या काही वर्षांत झालेल्या सर्वांत उपयोगी कामांत त्याची गणना व्हायला हवी.

घडणी माणसाने शोधून द्यायच्या की यंत्रानेच शोधायच्या? १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असलेल्या सर्गेई ब्रिन यांनी यंत्राला फक्त पाच पुस्तकं आणि त्यांचे लेखक दिले. ही जोडी जिथे जिथे एकत्र दिसते तिथलं वाक्य कसं घडलंय ते पाहायचं, तशीच घडण इतरत्र शोधायची, तिथून नव्या जोड्या घ्यायच्या आणि त्यांच्यावरून पुन्हा नव्या घडणी. पाच जोड्यांवरून यंत्र १५,००० हून अधिक पुस्तकांपर्यंत पोचलं. त्याच वर्षी ब्रिन यांनी लॅरी पेज यांच्यासह गूगल कंपनी काढली, म्हणून त्यांचा हा छोटा निबंध मागे पडला. पण नंतरच्या कितीतरी प्रयोगांचं बीज त्यात आहे.

हाच प्रयोग कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांवर करून पाहू. यंत्राला चार जोड्या द्यायच्या: नेरळ–कर्जत, कशेळे–कर्जत, वावोशी–खालापूर, चौक–खालापूर. मराठी मजकुरात या जोड्यांमध्ये वारंवार काय येतं? 'वावोशी (ता. खालापूर)'. 'मु. पो. कशेळे, ता. कर्जत, जि. रायगड'. टपालाचा पत्ता लिहिण्याची आपली ही पद्धत यंत्रासाठी अतिशय भरवशाची आहे. लग्नपत्रिका, निविदा, सहकारी संस्थांच्या नोटिसा, नोकरीच्या जाहिराती, सगळीकडे तीच. 'ता.' आणि 'जि.' या दोन एकाक्षरी खुणांवरून राज्यातल्या गावागावाचा तालुका आणि जिल्हा वेचता येतो. 'ता. कर्जत' च्या पुढे 'जि. रायगड' की 'जि. अहिल्यानगर' हेही तिथेच मिळतं, म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचा एक भाग पत्त्यातच सुटतो. गंमत अशी की पत्ता लिहिणाऱ्याला आपण कुणाला शिकवतो आहोत याची कल्पनाही नसते.

पण चौथी जोडी घातक आहे. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावरचं, इर्शाळगडाच्या पायथ्याजवळचं चौक हे गाव खालापूर तालुक्यात आहेच. पण 'चौक' हा शब्द गावोगावी रस्त्यांवर उभा आहे. शिवाजी चौक, टिळक चौक, गांधी चौक. यंत्राने 'चौकातील दुकान', 'चौकात सभा' अशा घडणी उचलल्या की हळूहळू राज्यातले सगळे चौक खालापूर तालुक्यात जमा होऊ लागतात, मग त्या चौकांच्या शेजारची नावं, मग त्यांच्या शेजारची. एक चूक पुढच्या दहांना जन्म देते. असा एखादा प्रयोग देखरेखीशिवाय सोडून दिला तर लवकरच बिघडतो.

असं खरोखर घडलेलं आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये 'नेल' नावाचा प्रोग्राम सुरू केला. 'कधीही न थांबता भाषा शिकणारा' असा त्या नावाचा विस्तार. त्याला काही शे वर्ग दिले होते, शहरं, कंपन्या, खेळाडू, भाज्या असे, आणि प्रत्येक वर्गाची दहा-पंधरा उदाहरणं. त्याच्यापुढे ५० कोटी वेबपानं ठेवली आणि रात्रंदिवस वाचायला लावलं. पहिल्या ६७ दिवसांत त्याने २,४२,००० हून अधिक तुकडे जमवले. तपासून पाहता शंभरातले सुमारे ७४ बरोबर निघाले. बेकरीच्या पदार्थांच्या वर्गात मात्र एक घोटाळा झाला. ब्राउझरमध्ये साठणाऱ्या 'कुकीज'ना त्याने खायच्या कुकीज समजलं. लोक कुकीज 'डिलीट' करतात, लोक फायलीही 'डिलीट' करतात. तेव्हा संगणकातल्या फायली हाही बेकरीचा पदार्थ असणार, इथवर ते पोचलं.

मिचेल यांच्या गटाने यावर काढलेला तोडगा शिकण्यासारखा आहे. एकच गोष्ट एकटी शिकवायची नाही. शेकडो गोष्टी एकदम शिकवायच्या आणि त्यांना एकमेकींवर नजर ठेवायला लावायचं. जी वस्तू शहर आहे ती भाजी असू शकत नाही. 'तालुका' या नात्याच्या एका बाजूला गाव हवं आणि दुसऱ्या बाजूला तालुकाच हवा. वाक्याच्या घडणीवरून एक निष्कर्ष, पानाच्या मांडणीवरून दुसरा, शब्दाच्या रूपावरून तिसरा. सगळे जुळले तरच तुकडा पक्का. शिवाय अधूनमधून माणसाने येऊन चुका पुसायच्या. 'नेल' पुढे काही वर्षं वाचत राहिलं. त्या कामात असलेले पार्थप्रतिम तालुकदार नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि हा विषय त्यांच्याबरोबर भारतात आला.

चौकला आणि चौकात

शब्दाच्या रूपाचा मुद्दा मराठीत वेगळंच वळण घेतो, आणि इंग्रजीसाठी बनवलेली अवजारं इथे तोकडी पडतात. इंग्रजीत कर्जत हे नाव कुठेही आलं तरी तसंच्या तसं राहतं. मराठीत कर्जतला, कर्जतहून, कर्जतमधल्या, कर्जतच्याही, कर्जतकरांनी. 'खालापूर'चं तर 'खालापुरात' होतं, ऊकार ऱ्हस्व होतो. केवळ अक्षरं जुळवून पाहणाऱ्या यंत्राला ही दोन वेगळी गावं वाटतात. म्हणून मराठी मजकूर हाताळताना पहिलं काम असतं प्रत्यय छाटून मूळ शब्द काढण्याचं. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली आयआयटी मुंबईत भारतीय भाषांसाठी जे केंद्र चाललं, तिथे मराठी शब्दांचं असं विश्लेषण आणि मराठी शब्दजाल, म्हणजे शब्दांच्या अर्थांचं आणि नात्यांचं जाळं, यांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे.

पण प्रत्यय हा केवळ अडथळा नाही. त्यात माहिती असते. खालापूर तालुक्यातला माणूस 'चौकला जाऊन येतो' म्हणतो तेव्हा तो गावाला निघालेला असतो. 'चौकात उभा होतो' म्हणतो तेव्हा बहुधा चार रस्ते मिळतात तिथे उभा असतो. तीच गोष्ट पेठची. कर्जत तालुक्यात कोथळीगडाच्या कुशीत पेठ नावाचं गाव आहे, म्हणून गडालाही पेठचा किल्ला म्हणतात. बाजाराची ती पेठ, तिचं 'पेठेत'. गावाचं मात्र 'पेठला', 'पेठमध्ये', 'पेठच्या'. मराठी बोलणारं लहान मूलही यात चुकत नाही. प्रत्यय छाटून 'चौक' आणि 'पेठ' एवढंच शिल्लक ठेवणारा प्रोग्राम नेमकी ही खूण केरात टाकतो आणि मग गाव कोणतं, बाजार कोणता हे शोधायला नवी यंत्रणा उभी करावी लागते. मराठीसाठी यंत्र बनवणाऱ्याने मराठीच्या व्याकरणाकडे अडचण म्हणून न पाहता साक्षीदार म्हणून पाहिलं, तर पुष्कळ श्रम वाचतील असं मला ठामपणे वाटतं.

नावांचा असा गुंता सोडवण्याचा फार चांगला मार्ग २००९ मध्ये आयआयटी मुंबईतून पुढे आला. सायली कुलकर्णी, अमित सिंग, गणेश रामकृष्णन आणि सौमेन चक्रवर्ती यांच्या त्या निबंधाची कल्पना अशी. पानावरच्या प्रत्येक नावाचा निवाडा एकेकट्याने करू नका. सगळ्या नावांचा मिळून करा. एका पानावर कर्जतबरोबर नेरळ, भिवपुरी आणि माथेरान असतील तर ते रायगडचं कर्जत. जामखेड, राशीन आणि रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य असेल तर ते दुसरं. नुसतं 'कर्जत' वाचून काही कळत नाही, पण आसपासची नावं एकमेकांना ओळखतात का, हे विकिपीडियावरच्या लेखांच्या परस्पर दुव्यांवरून मोजता येतं. ऐकायला सोपं वाटलं तरी हिशेब प्रचंड आहे. पानावर २० नावं असतील आणि प्रत्येकाचे पाच अर्थ शक्य असतील, तर एकूण जुळण्या होतात ९५ लाख कोटींहून अधिक. सगळ्या तपासणं अशक्य. म्हणून सर्वोत्तम जुळणीच्या जवळ चटकन पोचण्याच्या गणिती युक्त्या या संशोधकांनी वापरल्या. चक्रवर्ती यांचं नाव या क्षेत्रात त्याआधीपासून होतं. वेबवरच्या पानांतून ज्ञान कसं काढावं यावरचं त्यांचं पुस्तक २००२ चं.

भाताचा तक्ता

वेबवरची बरीचशी पक्की माहिती वाक्यांत नसतेच. ती तक्त्यांत असते. गाड्यांचं वेळापत्रक, मतमोजणीचे आकडे, पावसाच्या नोंदी, बाजारभाव. २०१० मध्ये गिरिजा लिमये, सुनीता सारवगी आणि सौमेन चक्रवर्ती यांनी यंत्राला तक्ते वाचायला शिकवण्याची रीत मांडली. सारवगी यांना पुढे २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला तो याच प्रकारच्या, विस्कळीत मजकुरातून नेमकी माहिती काढण्याच्या कामासाठी.

तक्त्यातली अडचण काय असते, हे कर्जतच्याच एका तक्त्यात पाहण्यासारखं आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र कर्जतला आहे आणि तिथे तयार झालेल्या भाताच्या जातींना गावाचंच नाव आहे. कोकणातल्या भातजातींच्या कोणत्याही तक्त्याचा पहिला स्तंभ साधारण असा दिसतो: कर्जत २, कर्जत ३, कर्जत ५, रत्नागिरी १, पालघर १, पनवेल ३, जया. शेजारच्या स्तंभात हळवे, निमगरवे, गरवे. त्यापुढे तयार व्हायला लागणारे दिवस आणि हेक्टरी उत्पन्न.

आता यंत्राच्या नजरेने पाहू. पहिला स्तंभ एकेक घर सुटं वाचलं तर तो रेल्वे स्थानकांचा किंवा तालुक्यांचा तक्ता वाटतो आणि शेवटी एका बाईचं नाव. गावांसमोर आकडे आहेत, तेव्हा वॉर्ड क्रमांक असतील. 'हळवे' म्हणजे हळव्या मनाचे. इथवर प्रत्येक घराचा निष्कर्ष त्या घरापुरता पटण्यासारखा आहे आणि तरी तक्ता पूर्ण चुकला आहे. लिमये, सारवगी आणि चक्रवर्ती यांची रीत तीन निर्णय एकाच वेळी घेते. या घरात कोणती वस्तू आहे, या उभ्या स्तंभात कोणत्या जातीच्या वस्तू आहेत, आणि या स्तंभाचं शेजारच्या स्तंभाशी नातं काय. 'जया' गाव नाही, पण भाताची प्रसिद्ध जात आहे. कर्जत, रत्नागिरी, पालघर, पनवेल ही सगळी गावं आहेत, पण आकड्यासकट घेतली की भाताच्या जातीही आहेत. 'दिवस' आणि 'हेक्टरी क्विंटल' हे स्तंभ गावाला लागू होत नाहीत, भाताला होतात. म्हणजे स्तंभाचा एकच अर्थ असा आहे की ज्यात सगळी घरं बसतात. मग 'हळवे' म्हणजे लवकर तयार होणारं, 'गरवे' म्हणजे उशिरा, हेही दिवसांच्या स्तंभावरून आपोआप उलगडतं: कर्जत ३ हळवं, कर्जत ५ निमगरवं, कर्जत २ गरवं. ज्या शेतकऱ्याला उंचवट्यावरच्या खाचरात पाऊस सरण्याआधी पीक घरात आणायचं असतं, त्याच्या दृष्टीने या तक्त्यातली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे.

कधीचं?

आता काळाचा प्रश्न. गॅझेटिअरचे जाड खंड स्कॅन होऊन वेबवर आले, ही अभ्यासकांसाठी फार मोठी सोय झाली. पण यंत्रापुढे १८८२ चं वाक्य आणि आजचं वाक्य शेजारी शेजारी उभं राहतं आणि दोन्ही सारख्याच ठामपणे बोलतात. तीन भागांचा तुकडा इथे अपुरा पडतो. त्याला चौथा भाग जोडावा लागतो, कधीपासून कधीपर्यंत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात तशी सोय पहिल्यापासून विचारात घेतलेली आहे. 'कर्जत – जिल्हा – ठाणे' हे विधान खोडायचं नाही, त्याला '१८९१ पर्यंत' अशी मर्यादा लावायची आणि ते कुठे वाचलं तेही सोबत नोंदवायचं. जुनं उत्तर राहतं, पण आपल्या काळात राहतं.

बातम्यांत तर काळ तासांनी मोजावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नाही, पाऊस थांबत नाही, अशा स्थितीत बचाव पथकं पायी वर चढली. मृतांचा आकडा दर दिवशी वाढत गेला आणि दर दिवशीच्या बातम्या वेबवर तशाच राहिल्या. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं गेलं तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसांचा पत्ता लागला नव्हता. 'इर्शाळवाडीत किती माणसं गेली' याचं उत्तर केवळ वाचून देणाऱ्या यंत्रापुढे किती आकडे असतील याचा विचार करा. सर्वांत जास्त पानांवर असलेला आकडा घ्यावा तर तो पहिल्या दोन दिवसांतला असू शकतो, कारण तेव्हा बातम्या सर्वांत जास्त आल्या. २७ घ्यावा तर ५७ माणसं गळतात, जी त्यांच्या घरच्यांसाठी गेलेलीच आहेत. इथे 'मृत' आणि 'बेपत्ता' या दोन शब्दांतलं अंतर यंत्राला कळणं हा केवळ अचूकतेचा प्रश्न राहत नाही. ज्यांची आख्खी वाडी गेली त्यांच्याबद्दल चुकीचं काही सांगितलं जाऊ नये, एवढी काळजी यंत्र बनवणाऱ्याने घ्यायलाच हवी.

जास्त पानांवर असलेलं ते खरं, हा हिशेब आणखी एका कारणाने फसतो. कर्जत आणि खालापूरबद्दल वेबवर जे आहे त्यातला फार मोठा भाग फार्महाउस, रिसॉर्ट, एनए प्लॉट आणि पावसाळी सहलींचा. धबधब्याची उंची, किल्ल्याचा इतिहास, स्टेशनपासूनचं अंतर हे सगळं एका पानावरून दुसऱ्यावर उचललेलं. दहा हंडे एकाच विहिरीवर भरले म्हणून विहिरी दहा होत नाहीत. २००९ पासून अमेरिकेत शिन लूना डाँग आणि इतर संशोधकांनी दोन संकेतस्थळं एकमेकांची नक्कल करतात का हे ओळखण्याच्या रीती शोधल्या. त्यातली मला सर्वांत आवडलेली बाब अशी: दोन पानांवर बरोबर माहिती सारखी असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण खरं एकच असतं. पण दोघांची चूक सारखीच असेल, तर एकाने दुसऱ्याचं उतरवलं असण्याची शक्यता दाट. परीक्षेच्या पेपरात शिक्षक हेच पाहतात.

आणि जे लिहिलं गेलं, पण यंत्राला दिसतच नाही, त्याचं काय? युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आणि सरकारी कार्यालयांचे कागद आपापल्या फाँटमध्ये चालायचे. पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची सरमिसळ साठलेली असायची. तो फाँट नसेल तर माणसालाही वाचता येत नाही, यंत्राला तर नाहीच. युनिकोड आल्यावरही बारीक गाठी राहिल्या. 'डोंगरदऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकीत नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात, दुसरीत साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही एकच; यंत्राला दोन वेगळे शब्द. एका तऱ्हेने शोधलं तर दुसरीतला मजकूर सापडत नाही. दुरुस्ती दहा ओळींच्या प्रोग्रामची आहे, पण ती करायची असते हे ठाऊक असणारा माणूस तिथे बसलेला हवा.

त्याहून मोठी उणीव न लिहिलेल्याची. ठाकर आणि कातकरी वाड्यांवरची झऱ्यांची, दांडांची, रानभाज्यांची नावं; कोणत्या खाचरात गरवं लावायचं आणि कोणत्यात हळवं, याचे पिढ्यानपिढ्यांचे आडाखे. त्या ज्ञानाचं वेबवर पान नाही, म्हणून यंत्राच्या लेखी ते ज्ञानच नाही. वेब वाचून शिकणारं यंत्र या दोन तालुक्यांना सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेने ओळखतं, तिथे राहणाऱ्याच्या नाही.

गेल्या काही वर्षांत तुकडे वेचण्याची ही सगळी रीतच मागे पडली की काय असं वाटावं, इतकी भाषा-मॉडेलं पुढे आली. ती तुकडे साठवत नाहीत. अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायला शिकतात आणि त्या शिकण्यात माहिती विरघळून जाते. 'माथेरान कोणत्या तालुक्यात' याचं उत्तर मॉडेल 'कर्जत' असं देईल, पण ते उत्तर आत कुठे लिहिलेलं आहे असं बोट ठेवून दाखवता येत नाही. २०१९ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी मुद्दाम तपासलं की अशा मॉडेलला माहितीसाठा म्हणून वापरता येईल का. बऱ्याच प्रश्नांत ते आश्चर्य वाटावं इतकं बरोबर निघालं. पण जिथे ठाऊक नसतं तिथेही ते त्याच सफाईने वाक्य पुरं करतं, आणि जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून आतली एक नोंद खोडून दुसरी घालावी, तर नोंदच नसते. म्हणून २०२० पासून दोन्ही रीतींची सांगड घालण्याकडे कल आहे. मॉडेलने आधी शोधून संबंधित पान वाचायचं, मग त्याच्या आधाराने उत्तर द्यायचं आणि पानाचा दाखला द्यायचा.

दाखला आला म्हणजे कोणतं, कधीचं आणि कुणाचं हे प्रश्न पुन्हा दारात. खालापूर तालुक्यातलं महड हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं गाव. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला सावित्रीकाठचं महाड, डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला ते. देवनागरीत एका काना-मात्रेइतका फरक आहे, आणि तो पुरेसा आहे. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग एकच. जिल्हा तोच असल्यामुळे आसपासच्या नावांचा आधारही निम्माच मिळतो. इंग्रजी पानं जास्त वाचलेल्या मॉडेलला 'महाडला कसं जायचं' असं रोमन अक्षरांत कुणी विचारलं, तर ते देवळाचा रस्ता सांगून वर सत्याग्रहाचा इतिहास जोडू शकतं, आणि दोन्हींना खरे दाखलेही देऊ शकतं. इथे मॉडेलने उत्तर देण्याआधी उलट विचारलं पाहिजे: खोपोलीजवळचं की सावित्रीकाठचं? कोणत्या प्रश्नाला थेट उत्तर द्यायचं आणि कोणत्या प्रश्नाला थांबून असं विचारायचं, हे यंत्राला शिकवण्याचे प्रयोग सध्या चालू आहेत.